रंग हिरवा, रेघ आडवी

अंगणवाडीत महिन्यातून एकदा वजनाचा दिवस असतो. सिंदेवाही तालुक्यात तो सकाळीच उरकावा लागतो, कारण ऊन चढलं की आया शेतात नाही तर जंगलात पोचलेल्या असतात. लेकरू काट्यावर ठेवायचं, दोन वर्षांच्या आतलं असेल तर आडवं निजवून लांबी घ्यायची आणि दोन्ही आकडे सेविकेच्या मोबाईलमध्ये टाकायचे. केंद्र सरकारनं १ मार्च २०२१ पासून सुरू केलेलं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप त्यावरून तिथल्या तिथं निकाल देतं : मूल साधारण आहे, कमी वजनाचं आहे, बुटकं आहे की लुकडं.

या ॲपबद्दल अंगणवाडीच्या जगात दोन टोकांची मतं आहेत आणि दोन्हींमागे अनुभव आहे. म्हणून ती इथे दोघींच्या तोंडी घातली आहेत. एक सिंदेवाहीजवळच्या खेड्यातली निवृत्त सेविका, दुसरी तिची भाची, गडचिरोली जिल्ह्यात पर्यवेक्षिका. या दोघी आणि त्यांच्या बोलण्यात येणारं लेकरू कल्पनेतलं आहे. सालं, आकडे आणि घटना खऱ्या आहेत.

भाची : मावशी, तू त्या मोबाईलवर एवढी काहून चिडते? तुझी अकरा रजिस्टरं मी विसरली नाही. रात्री जेवणं झाली की रकाने भरत बसायची. लेकराचं वय महिन्यात मोजायचं, तेही बोटांवर. जन्म कधीचा म्हटलं की ‘पोळ्याच्या आठ दिवस आधी’ असं उत्तर. वय महिनाभर चुकलं की तक्त्यावरचं टिंब चुकलं. आता जन्मतारीख एकदा टाकली की विषय संपला.

मावशी : वयाचं मान्य. उंचीच्या मानानं वजन किती पाहिजे, हा हिशेब तर आमच्यानं होतच नव्हता. त्याला मोठे तक्ते चाळावे लागत. ते काम मोबाईल बरोबर करतो, मी नाही म्हणत नाही. मी एवढंच विचारून राहिली की निकाल लागल्यावर पुढं काय?

भाची : पुढं काय म्हणजे? कमी वजन निघालं तर गृहभेट, सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, निघालं तर डॉक्टरांची तपासणी, ग्राम बाल विकास केंद्र, नाही तर पोषण पुनर्वसन केंद्र.

मावशी : ते कमी निघालं तर. हे कार्ड पाह. शेजारची पोरगी. सहाव्या महिन्यात ६ किलो ६०० ग्रॅम. सातव्यात ६ किलो ६००. आठव्यात तेच, नवव्यात तेच. मोबाईल काय म्हणाला?

भाची : साधारण. हिरवं.

मावशी : चारही वेळा हिरवं. दहाव्या महिन्यात वजन तेवढंच, अन् एकदम पिवळं. म्हणजे पोरगी त्या महिन्यात बिघडली का? ती सहाव्या महिन्यानंतर वाढलीच नाही. अन् आपण तिच्या मायला दर महिन्याला सांगत गेलो, की सगळं बरं आहे.

इथे जरा थांबून आकडे पाहिले पाहिजेत, कारण मावशीच्या सगळ्या म्हणण्याचं मूळ याच कार्डात आहे. आज अंगणवाडीत वापरले जाणारे वाढीचे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेचे. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत, आईच्या दुधावर नीट वाढणाऱ्या मुलांची मापं घेऊन ते २००६ मध्ये तयार झाले. भारतातली मापं दक्षिण दिल्लीतली होती. २००८ पासून आपल्या एकात्मिक बालविकास योजनेनं ते स्वीकारले. त्यांच्यानुसार सहा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ७.३ किलो आणि वर्षाच्या मुलीचं ८.९ किलो. खालची हद्द सातव्या महिन्यात ६ किलो, आठव्यात ६.३, नवव्यात ६.५ आणि दहाव्यात ६.७. म्हणजे ६ किलो ६०० ग्रॅमवर अडकलेली मुलगी नवव्या महिन्यापर्यंत हद्दीच्या वरच राहते. हद्द तिच्याजवळ सरकत येते आणि दहाव्या महिन्यात तिला गाठते. ॲपचा हिशेब कुठंच चुकलेला नाही. प्रश्न वेगळा आहे. मूल आज कुठे आहे, हे एका वजनावरून कळतं. ते वाढतंय की नाही, हे दोन वजनांवरूनच कळतं. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं नायजेरियातल्या इमेसी गावात काम करताना वाढीचा तक्ता रूढ केला आणि तो आईच्या हाती, घरात ठेवायला दिला. त्याचा सगळा भर रेघ कुठे चालली आहे यावर होता. वर चढणारी रेघ म्हणजे मूल ठीक. आडवी पडली की धोका, मग रंग कुठलाही असो.

भाची : पण आलेख ॲपमध्येही आहे. उघडला की रेघ दिसते.

मावशी : उघडला की! तुमच्या महिन्याच्या बैठकीत काय विचारतात? किती टक्के मुलांची वजनं झाली. सॅम किती, मॅम (मध्यम कुपोषित) किती. कधी कोणी विचारलं, की गेल्या महिन्याएवढंच वजन राहिलेली लेकरं किती?

भाची : नाही विचारत.

मावशी : जे विचारत नाहीत, ते कोणी उघडून पाहत नाही.

भाची : तुझ्या वेळी तरी आडव्या रेघा कोण पाहत होतं? खरं बोल. रजिस्टरातही वजनं घरी बसून भरली जायची. काटा बिघडला की सहा सहा महिने अंदाजपंचे आकडे. गेल्या महिन्यात शंभर ग्रॅम मिळवायचे, झालं. मी दौऱ्यावर जाते तेव्हा जुनी रजिस्टरं चाळते. त्यातली सगळी लेकरं एका चालीनं वाढलेली दिसतात.

मावशी : भरली जायची. सगळ्या नाही, पण भरायच्या बाया.

भाची : मग? आता वजन कोणत्या तारखेला टाकलं, ते वरती दिसते. मला घरून कळते की अमुक गावात या महिन्यात वजनच झालं नाही. आधी मला ते तीन महिन्यांनी कळायचं, तेही गेली तर.

भाचीचा हा मुद्दा खरा आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. कागदावरचा खोटा आकडा पकडायला माणूस गावात जावा लागायचा. पण खोटा आकडा मोबाईलमध्येही टाकता येतो. पुढचा मुद्दा भाचीनंच काढला, आणि तो तिच्याच बाजूला अडचणीचा आहे.

भाची : एक गोष्ट मात्र मलाही खटकते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं बुटकी, ३२.१ टक्के कमी वजनाची आणि १९.३ टक्के लुकडी निघाली. जून २०२४ च्या पोषण ट्रॅकरच्या नोंदींत बुटकी मुलं ३५ टक्केच. पण कमी वजनाची १७ आणि लुकडी फक्त ५.

मावशी : त्यात नवल काय? उंचीवरून सेविकेला कोणी बोलत नाही. वजनावरून बोलतात. लेकरू लाल दाखवलं की फोन येतात, अहवाल मागतात, ‘तुमच्याच गावात कसं निघालं’ म्हणतात. बाई शिकते मग. अर्धा किलो वाढवून टाकला की दिवस सुखाचा.

भाची : पाहणी नमुन्यावर असते, ॲप सगळ्या मुलांचं. सालंही वेगळी. थेट तुलना करू नये, असं आम्हाला सांगतात.

ते सांगणं अर्धं बरोबर आहे. पण नमुन्याच्या आणि सालांच्या फरकानं उंचीचा आकडा जुळून वजनाचा निम्म्यावर येत नाही. महाराष्ट्रात तर २०१५-१६ च्या पाहणीत २५.६ टक्के मुलं लुकडी होती आणि २०१९-२१ मध्येही २५.६ टक्केच. दर चौघांतलं एक. एवढा हट्टी आकडा तीन-चार वर्षांत खरोखर खाली आला असता, तर गावागावांत त्याची खूण दिसली असती. मावशीचं निदान मला पटतं. ज्या बाईनं आजार शोधायचा, तिलाच त्या आजारासाठी जबाब द्यावा लागत असेल, तर आजार सापडणार नाही.

भाची : तरी मी ॲप सोडणार नाही. कारण सांगते. आपल्याकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. दोन-दोन, तीन-तीन महिने. २०२० च्या टाळेबंदीत हजारो माणसं तिकडं अडकली होती, तुला माहीत आहे. लेकरं सोबत जातात. तुझं रजिस्टर इथं कपाटात बंद. ॲपमध्ये लेकराची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडं पाठवता येते. तिथल्या बाईला मागची वजनं दिसतात, लस कोणती राहिली ते दिसते.

मावशी : रजिस्टर कपाटात, पण माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात जाते.

भाची : कार्ड मराठी, तिथली बाई तेलुगू.

मावशी : वजनाची रेघ वाचायला भाषा कशाला लागते?

भाची : अन् भिजलं तर? हरवलं तर? मिरचीच्या शेतात झोपडीत राहतात ती माणसं.

मावशी : हे मात्र खरं. तेवढ्यासाठी तरी तुझा मोबाईल राहू दे.

मावशीनं इतक्या सहज दिलेली ही कबुली मला महत्त्वाची वाटते. सेविका तंत्राच्या विरोधात आहेत, असं शहरात बसून फार लवकर म्हटलं जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, तेव्हाही तेच म्हटलं गेलं. त्यांची तक्रार काय होती? फोन २०१९ मध्ये दिलेले आणि २ जीबी रॅमचे. ॲप उघडलं की ते तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च बाईच्या अंगावर. आणि ॲप इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या बाईनं गावातल्या लेकरांची नावं इंग्रजीत भरायची. त्यांना चांगला फोन आणि मराठी ॲप हवं होतं. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही मानधनाबरोबर नव्या मोबाईलची मागणी होती. कुऱ्हाडीला धार नाही म्हणणाऱ्या लाकूडतोड्याला कोणी कुऱ्हाडीचा शत्रू म्हणत नाही.

भाची : अन् गडचिरोलीतलंच उदाहरण देऊ? ‘सर्च’ संस्थेचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या, मोजणी फारशी न येणाऱ्या बायांना लेकराचे श्वास मोजायला एक साधन दिलं होतं. मिनिटाची वाळूची घडी आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. मग तेही यंत्रच झालं ना? तेव्हाचं ॲपच म्हण.

मावशी : म्हणते. अन् लाल मणी सरकल्यावर काय व्हायचं?

भाची : ती औषध द्यायची.

मावशी : ती द्यायची! तिच्याजवळ असायचं. त्याच घरात, त्याच घडीला. मणी सरकवून ती मुंबईला कळवत नव्हती.

सर्चच्या कामाचा सगळा अर्थ या उत्तरात आला. १९९५ पासून ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बाया नवजात बाळाच्या घरी पुन्हा पुन्हा जात. बाळाचं वजन घेत, अंग गार पडलं का पाहत, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखत आणि उपचार करत. त्या भागात हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि घरोघरी नवजात बालसेवेचं काम २०११ पासून देशभरातल्या आशांकडे आलं. त्या बायाही नोंद ठेवत, कागदावर, अगदी काटेकोर. पण नोंद त्यांना पुढच्या भेटीत काय पाहायचं ते सांगायची. मोजणारी, ठरवणारी आणि उपाय करणारी बाई एकच होती.

पोषण ट्रॅकरमध्ये मोजते सेविका, निकाल देतं ॲप, आकडा जातो वर, आणि उपाय खाली यायचा असतो. मधल्या काळात लेकराचं वय वाढतं, वजन तेवढंच राहतं.

मावशी : अन् त्यात ते चेहऱ्याचं. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवणं सक्तीचं केलं. जुलैत आपल्याकडं काय असते?

भाची : रोवणी.

मावशी : रोवणी. बाई सकाळपासून बांधीत वाकलेली. मजुरी बुडवून ती चेहरा दाखवायला येईल? सासू आली पाकीट न्यायला, तर चेहरा जुळत नाही. मग सेविका फोन घेऊन धुऱ्यावर. पाय चिखलात, नेटवर्क नाही.

भाची : नसलेल्या लेकरांच्या नावानं आहार उचलला जाऊ नये, म्हणून ते आहे. ओळख पटवावीच लागेल ना?

मावशी : चोरी जरूर पकडा. पण पाकीट कोणाला दिलं, हे पाहणं वेगळं, अन् लेकरू वाढलं का, हे पाहणं वेगळं. दोन्ही एकाच बाईच्या एकाच फोनात कोंबलं. लांबी मोजायला किती वेळ लागते, तुला माहीत आहे. मदतनिसीनं डोकं फळीला टेकवून धरायचं, सेविकेनं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे, सरकती फळी टाचांना लावायची. लेकरू भोकाड पसरते. माय म्हणते, राहू द्या आता. घाई असली की बाई लेकराला तसंच उभं करून मोजते. उभ्यानं पाऊण सेंटिमीटर कमीच भरते. मग तोच आकडा ॲपमध्ये, अन् त्याच्यावर तुमचं बुटकं अन् लुकडं.

ही तफावत काल्पनिक नाही. आडवं मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, आणि तक्त्यांत तेवढी वजाबेरीज धरावी लागते. काटा, फळी आणि दोन माणसांचे चार हात यांना पुरेसा वेळ मिळाला नाही, तर कितीही हुशार ॲप चुकीच्या आकड्यावर बिनचूक गणित करत राहील.

भाची : मग मी काय करू ते सांग. ॲप बंद करणं माझ्या हातात नाही, अन् मला ते करायचंही नाही.

मावशी : बंद करू नको. पुढच्या बैठकीत एक प्रश्न वाढव. कोणत्या लेकराचं वजन गेल्या महिन्यात वाढलं नाही? नावं घे. रंग विचारू नको. जी बाई असं नाव सांगेल तिला बोल लावू नको, तिला शाबासकी दे. मग त्या घरी जा.

भाची : जाऊन?

मावशी : आधी चूल पाह. पेज किती पातळ आहे ते पाह. नुसतं पाणी असते बहुतेक. लेकराचं पोट भरते, वजन भरत नाही. घट्ट भात मऊ करून दे म्हणावं, वरण घाल, चमचाभर तेल घाल, जमलं तर अंडं. मग विचार, दिवसभर भरवते कोण? एप्रिल-मे मध्ये माय मोहफुलाला, तेंदूपत्त्याला पहाटे जाते. लेकरू आजीजवळ. आजी दोनदा भरवते, तिला तेवढंच जमते. अंगावरचं दूधही तुटते. मायला ‘जंगलात जाऊ नको’ म्हणून चालत नाही, वर्षाचा पैसा त्यातच आहे.

भाची : आता तर जंगलाचीही भीती.

मावशी : मेंढामालच्या तिघी गेल्या ना मागं.

१० मे २०२५ ला सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. इथल्या आईचा मे महिना असा असतो. तिच्या लेकराची रेघ त्या महिन्यात आडवी पडली, तर कारण ॲपच्या कुठल्याच रकान्यात सापडणार नाही. ते तिच्या घरी जाऊन, बसून, विचारूनच कळेल. आणि उपायही बहुधा तिथंच निघेल : शेजारीण दुपारी एकदा भरवेल का, मदतनीस लेकराला अंगणवाडीत ठेवून घेईल का, आजीला तिसरी वाटी कधी द्यायची ते कळलं आहे का.

भाची : हे सगळं करायला सेविकेला वेळ पाहिजे.

मावशी : तेच तर मी मघापासून बोलून राहिली.

माझा कौल मावशीच्या प्रश्नाला आहे आणि भाचीच्या यंत्रालाही. ॲप राहावं, वय, उंची-वजनाचा हिशेब आणि स्थलांतरित मुलांची नोंद यांसाठी ते कागदापेक्षा नक्कीच बरं आहे. पण आहाराच्या वाटपाची ओळखपरेड वजनाच्या कामापासून वेगळी करावी, चेहरा न जुळल्यानं कुठल्याही लेकराचं पाकीट अडू नये, आणि आढाव्याच्या बैठकीत सॅम-मॅमच्या आधी न वाढलेल्या मुलांची नावं विचारली जावीत. कमी वजनाचं मूल शोधून काढणाऱ्या सेविकेला जाब विचारणं तर आजच थांबवता येईल; त्याला नवं ॲप लागत नाही, नवा निधीही नाही.

आणि तुमच्या घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल, मग ते सिंदेवाहीत असो की पुण्यात, तर अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन झाल्यावर ‘नॉर्मल आहे ना?’ एवढंच विचारून उठू नका. गेल्या महिन्याचं वजन काय होतं, तेही विचारा आणि दोन्ही आकडे कार्डावर शेजारी शेजारी लिहून घ्या. सहाव्या महिन्यापासून वर्षापर्यंत बाळानं साधारण दीड किलो वाढायला हवं. सलग दोन महिने आकडा तोच राहिला, तर मोबाईलवर हिरवा रंग असला तरी सेविकेला, आशाला किंवा डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा आणि बाळाला तपासून घ्या.